सगळ्यायचंच पडते

मावशींनी पदराखालून प्लास्टिकची पिशवी काढली. तोंडाला रबर बांधलेलं. आत रेशनकार्ड, आधारकार्डाची झेरॉक्स, नवऱ्याचा एक पासपोर्ट फोटो आणि चार घड्या घातलेला एक कागद. "हे इंग्रजीत हाय, तुमी वाचून सांगा," म्हणाल्या. कूलरच्या घरघरीत काही ऐकू येईना म्हणून आईने तो बंद केला, आणि लगेच खोलीत ओल्या वाळ्याचा वास राहिला, गारवा मात्र गेला. मे महिन्यातली चंद्रपूरची दुपार. मी कागद उलगडला. मृत्यूच्या कारणाचं वैद्यकीय प्रमाणपत्र. पहिल्या ओळीत डॉक्टरच्या घाईच्या अक्षरात 'कार्डिओ-रेस्पिरेटरी अरेस्ट'. मी शब्द जुळवत, आवाज शक्य तेवढा खाली आणून सांगितलं, "मावशी, हृदय आणि श्वास बंद पडला, असं लिहिलंय." मावशी माझ्याकडे बघत राहिल्या. डोळ्यांत पाणी नव्हतं, उलट दुकानदाराने कमी मापाचं दिलं की बाईच्या चेहऱ्यावर येतो तसा भाव होता.

"ते त सगळ्यायचंच पडते, ताई."

मग त्यांनी विचारलं, "ऊन नाही लिवलं का?"

मी कागद पुन्हा वरून खाली वाचला. ऊन कुठेच नव्हतं. दुसऱ्या ओळीत 'हायपरटेन्शन' होतं. खाली 'इतर महत्त्वाच्या बाबी' असा जो भाग असतो, तिथे एकच शब्द होता, 'अल्कोहोल'. तो मी त्यांना वाचून दाखवला नाही. आजपर्यंत दाखवलेला नाही, आणि दाखवायला हवा होता की नको, हेही मला ठरवता आलेलं नाही.

मावशी आमच्या आईकडे अकरा वर्षं भांडी घासायला येतात. त्यांचे घरचे, म्हणजे नवरा, सेंटरिंगच्या कामावर होते. म्हणजे स्लॅबखाली बल्ल्या आणि प्लेटा लावायच्या, सळ्या बांधायच्या, आणि स्लॅबच्या दिवशी माल ओढायला हात द्यायचा. बांधकामावर एरवीच्या दिवशी दुपारी थोडी फट सापडते, झाडाखाली पाठ टेकता येते. स्लॅबच्या दिवशी नाही. एकदा मिक्सर सुरू झाला की स्लॅब मधेच सोडता येत नाही, सोडला तर जोड राहतो आणि तिथून पुढे पाणी झिरपतं. त्या दिवशी सकाळी सहाला सुरू व्हायचं काम सिमेंटची गाडी उशिरा आल्यामुळे दहाला सुरू झालं. मावशी सांगत होत्या की साडेबाराला घरच्यांचं डोकं दुखायला लागलं होतं. ठेकेदाराने 'जा' म्हटलंही होतं म्हणे. पण गेलं तर अर्धी हाजरी. स्लॅबच्या दिवशीची हाजरी जास्त असते, वर संध्याकाळी जेवण असतं, ते सोडून कोण जाईल? पाचला ते घरी आले ते भिंतीला धरून. उलटी झाली. मग काहीबाही बोलायला लागले, मुलाला भावाच्या नावाने हाका मारायला लागले. शेजारचे म्हणाले, स्लॅबच्या पार्टीत जास्त झाली, झोपू द्या. झोपू दिलं. रात्री अकराला अंग तव्यासारखं लागायला लागलं तेव्हा ऑटो शोधला. पहाटेच्या आत सगळं संपलं.

आई हे ऐकताना काही बोलली नाही. मावशी भांडी घासायला मोरीत गेल्यावर म्हणाली, "बरळत होता म्हणजे डोक्यात गेलेलं होतं." आई चौतीस वर्षं नर्स होती, त्यातली बरीचशी जिल्ह्यातल्या उपकेंद्रांवर, एएनएम म्हणजे सहायक परिचारिका म्हणून. अजून अख्खी गल्ली तिला सिस्टरबाई म्हणते. उष्माघाताची तिची व्याख्या पुस्तकातलीच आहे पण तिच्या तोंडून ती स्वयंपाकाच्या कृतीसारखी येते: अंग चाळीसच्या वर आणि माणूस भलतंच बोलतोय, की वाट बघायची नाही. पॅरासिटामॉलने उतरणारा हा ताप नव्हे. कपडे सैल करायचे, मानेवर, काखेत, जांघेत गार पाणी, वरून वारा, आणि मग गाडी. आधी थंड करायचं, मग न्यायचं. उलट केलं की रस्त्यातच जातो.

तिच्या थर्मामीटरची एक गोष्ट मी लहानपणापासून पाहत आले, पण तिचा अर्थ मला या वर्षी लागला. उन्हाळ्यात ती पाऱ्याचा थर्मामीटर ओल्या फडक्यात गुंडाळून माठाशेजारी ठेवायची. आम्हाला वाटायचं काचेला तडा जाईल म्हणून. खरं कारण असं की तो थर्मामीटर पस्तीस ते बेचाळीस अंशांचा. आमच्याकडे मे महिन्यात खोलीतली हवाच चाळीसच्या पुढे असते, तेव्हा नुसत्या टेबलावर ठेवला तरी पारा चढून बसतो. माणसाच्या काखेत लावण्याआधीच त्याला ताप आलेला असतो. झटकून उतरवला तरी पुन्हा चढतो. म्हणून माठ. ज्यांनी ही काचेची नळी बनवली त्यांच्या डोळ्यासमोर कुठलं गाव असेल कोण जाणे, चंद्रपुरातलं आमचं तुकूम नक्कीच नव्हतं.

आईने चष्मा लावून कागद स्वतः वाचला. या फॉर्मची रचना शिडीसारखी असते. वरच्या ओळीत शेवटी काय झालं, त्याखाली ते कशामुळे झालं, त्याखाली ते आणखी कशामुळे. खाली खाली उतरत मूळ कारणापर्यंत जायचं. आणि फॉर्मवरच बारीक अक्षरात छापलेलं असतं की रोग, इजा किंवा गुंतागुंत लिहा. हृदय बंद पडणं यासारखी मरणाची रीत लिहू नका. म्हणजे मावशी जे म्हणाल्या ते शब्द वेगळे, पण सरकारी फॉर्मवर छापलेलं आहे. फॉर्म तयार करणाऱ्यालाही ठाऊक होतं की ते सगळ्यांचंच पडतं.

"डॉक्टरला तरी काय म्हणायचं," आई म्हणाली. मला डॉक्टरवर चिडायचं होतं आणि ती चिडू देईना. रात्री अकरानंतर आणलेला माणूस, सोबत आलेले लोक सांगतात पार्टी होती, तोंडाला वास आहे, रक्तदाब असल्याचं बायको सांगते, एक शिकाऊ डॉक्टर आणि वॉर्डात त्याच्यासारखे वीस. ऊन आता बाहेर नाही, ते पाच तासांपूर्वी होतं. उष्माघाताची गोष्ट अशी की शव उघडून पाहिलं तरी 'हेच ते' म्हणून बोट ठेवावं अशी खूण सापडत नाही. माणूस कुठे होता, किती वेळ होता, सापडला तेव्हा अंग किती तापलं होतं, भोवतालची हवा कशी होती, हे विचारून, जोडून निदान करावं लागतं. म्हणजे ती गोष्ट ऐकावी लागते. आणि रात्री दोन वाजता गोष्ट ऐकायला कुणाकडे वेळ असतो? आईने स्वतः अशी किती प्रकरणं पाहिली, विचारलं तर म्हणाली, रजिस्टरमध्ये 'ताप', 'हगवण', 'अशक्तपणा' असे रकाने होते, उन्हाचा रकानाच नव्हता बराच काळ. "मग तू काय लिहायचीस?" "जे रकान्यात बसेल ते."

आता माझ्याबद्दल सांगायला हवं. मी पुण्यात असते आणि पोटापाण्यासाठी भाषांतरं करते. त्यात गेल्या काही वर्षांत आरोग्याच्या पत्रकांचं काम बरंच येतं. उन्हाळ्याच्या तोंडावर हमखास एक मजकूर येतो: भरपूर पाणी प्या, सैल सुती कपडे घाला, ओआरएस, ताक, लिंबूपाणी घ्या, दुपारी १२ ते ४ घराबाहेर पडणे टाळा. हे शेवटचं वाक्य मी इतक्या वेळा मराठीत आणलंय की आता ते आपोआप टाइप होतं. 'टाळा' की 'टाळावे', यावर एकदा मी संपादकाशी अर्धा तास वाद घातला होता. 'टाळा'मध्ये हुकूम वाटतो, 'टाळावे'मध्ये आर्जव आहे, असं माझं म्हणणं होतं. त्या वाक्याचा कर्ता कोण, कोणाला टाळता येतं, हा वाद आमच्यात झालाच नाही.

मावशींच्या घरी गेले तेव्हा ते वाक्य भिंतीवर होतं. आशाताईंनी वाटलेलं पत्रक, कॅलेंडरच्या खिळ्याला अडकवलेलं. मी केलेलं भाषांतर असेलच असं नाही, पण वाक्य तेच. घर टिनाचं. आत शिरल्यावर आधी डोक्याच्या टाळूला कळतं, मग कानांना. ऊन वरून येत नाही, पत्रा स्वतःच ऊन झालेला असतो. मातीच्या कौलांची घरं गेली, स्लॅबची अजून परवडत नाहीत, मधल्या पिढीच्या डोक्यावर पत्रा आहे. मी बसल्या बसल्या म्हटलं, दुपारी तरी घरात थांबत जा हो मावशी. हे म्हणताना मला माझंच टायपिंग ऐकू आलं. त्या म्हणाल्या, "घरात बसाले काय हरकत हाय? पण घर काय थंड हाय? तुमच्याकडे आली की तेवढाच कूलर लागते." म्हणजे आमच्याकडे दुपारी दोनला त्या भांड्यांना येतात ते आमच्या सोयीसाठी, असं मी अकरा वर्षं समजत होते.

रात्री मी गच्चीवर झोपायला गेले. गच्चीची फरशी दहा वाजताही तळव्यांना लागत होती, दोन बादल्या ओतल्या तर वाफेसारखा वास आला, मातीचा आणि कोळशाचा मिळून. तुकूममधल्या कुठल्याही गच्चीवर सकाळी हात फिरवलात तर बोटं काळी होतात, तुळशीची पानंसुद्धा पुसून तोडावी लागतात. समोर औष्णिक वीज केंद्राच्या चिमण्या, टोकावर लाल दिवे उघडझाप करणारे. लहानपणी मी ते दिवे मोजत झोपायची. २,९२० मेगावॉटचं केंद्र आहे ते. ज्या इरई धरणाचं पाणी त्याला जातं त्याच धरणाचं शहराला येतं. बाबा म्हणायचे, आपण महाराष्ट्राची शेगडी आहोत, भाकरी दुसरीकडे भाजते. मी पुण्यात एसी लावते तेव्हा त्या चिमणीशी माझं काही नातं असतं, हे मला कळतं आणि मी तरी लावते. खोली गार होते, आणि बाहेरच्या युनिटमधून निघणारी झळ खालच्या मजल्याच्या खिडकीत जाते. खाली कोण राहतं हे मी गेल्या चार वर्षांत विचारलेलं नाही.

त्या रात्री मला जुन्या एका उत्साहाची आठवण झाली. हवामानबदलावरचे लेख सुरुवातीला भाषांतराला यायचे तेव्हा त्यात हिमखंड असायचे, पांढरी अस्वलं असायची, हवेतला कार्बन मोजणारं पीपीएम असायचं. भाषांतर करताना मला स्वतःलाच झोप यायची. मग सूर बदलला. २००९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाने नेमलेल्या अभ्यासगटाने लिहिलं की हवामानबदल हा एकविसाव्या शतकातला आरोग्यापुढचा सर्वांत मोठा जागतिक धोका आहे. पुढे जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आला की २०३० ते २०५० या काळात कुपोषण, मलेरिया, हगवण आणि उष्णता यांनी दरवर्षी सुमारे अडीच लाख मृत्यू जास्तीचे होतील. डिसेंबर २०२३ मध्ये दुबईच्या हवामान परिषदेत पहिल्यांदाच आरोग्यासाठी वेगळा दिवस ठेवला गेला. मला बरं वाटलं होतं, अगदी मनापासून. वाटलं, आता हा विषय आईच्या माठाशेजारी आला. अस्वलाचं काय होतंय ते तिला नाही सांगता येणार, पण काखेतला पारा तिला कळतो. जे अंगावर येतं ते नाकारता येत नाही, शरीर खोटं बोलत नाही, असं काहीतरी मी तेव्हा एका मैत्रिणीला फोनवर सांगितलं होतं.

शरीर खोटं बोलत नाही हे खरं असेल. पण त्याचं म्हणणं कागदावर दुसराच कुणीतरी उतरवतो. आणि आरोग्य म्हटलं की आपली नजर सवयीने त्या एका माणसाच्या अंगाकडे वळते. बीपी होतं का? गोळी घेत होता का? पीत होता का? पाणी कमी पीत असेल. टोपी घातली नव्हती. प्रत्येक प्रश्न बरोबर आहे, वैद्यकाच्या दृष्टीने लागणारा आहे, आणि त्या प्रत्येकाचं उत्तर शेवटी त्याच्याच खात्यावर जमा होतं. सिमेंटची गाडी चार तास उशिरा आली, याला फॉर्मवर ओळ नाही. अर्धी हाजरी, याला नाही. टिन, याला नाही. तीन रात्री वीज जाऊन येऊन होती आणि पंखा गरम वारा ढकलत होता, याला नाही. बरळणं हे उष्माघाताचं लक्षण, ते दारूचं म्हणून वाचलं गेलं आणि तसंच शिक्क्यासकट खाली उतरलं. ज्या शब्दाने हे प्रकरण न्यायाच्या दिशेने जाईल असं मला वाटलं होतं, त्या आरोग्य या शब्दानेच ते मावशींच्या घरच्यांच्या यकृतापाशी आणून ठेवलं.

लंडनमधल्या एला किस्सी-डेब्राची गोष्ट मला त्या आठवड्यात सारखी आठवत होती. साउथ सर्क्युलर नावाच्या वाहत्या रस्त्याजवळ राहणारी, दम्याची मुलगी. फेब्रुवारी २०१३ मध्ये नऊ वर्षांची असताना गेली. पहिल्या चौकशीत कारण लिहिलं गेलं की श्वसन तीव्रपणे निकामी झालं. (मावशी असत्या तर काय म्हणाल्या असत्या ते तुम्हाला कळलंच असेल.) तिच्या आईला ते पटलं नाही. ती वर्षानुवर्षं मागे लागली, नवी चौकशी मागितली, आणि डिसेंबर २०२० मध्ये कॉरोनरने, म्हणजे मृत्यूच्या कारणाची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याने, नोंदवलं की तिच्या मृत्यूला हवेच्या प्रदूषणाचाही हातभार आहे. ब्रिटनमध्ये एखाद्या माणसाच्या मृत्यूच्या कारणांत असं पहिल्यांदाच लिहिलं गेलं. काही रेघांचा फरक. पण त्या रेघांमुळे तो मृत्यू मुलीच्या फुप्फुसातून उठून रस्त्यावर आला, जिथे गाड्या होत्या आणि गाड्यांचे नियम करणारे होते. त्या आईच्या हातात सात वर्षं होती. मावशींच्या हातात दुपारी दोन ते तीन एवढा वेळ असतो, आणि त्यातही आमची भांडी.

एका माणसाचं कारण ठरवता येत नसेल तर आणखी एक वाट आहे, ती अहमदाबादने काढली. मे २०१० मध्ये तिथे पारा ४६.८ पर्यंत गेला होता. नंतर अभ्यासकांनी कुणाच्या दाखल्यावर काय लिहिलंय ते बाजूला ठेवलं आणि त्या महिन्यात शहरात एकूण माणसं किती गेली तेवढंच आजूबाजूच्या वर्षांशी ताडून पाहिलं. १,३४४ मृत्यू जास्तीचे निघाले. त्यातल्या बहुतेकांच्या कागदावर हृदय, फुप्फुस, मूत्रपिंड असंच काहीबाही असणार. त्या आकड्याच्या धक्क्यातून २०१३ साली महापालिकेने देशातला पहिला उष्णता कृती आराखडा आणला. आधी इशारे, दवाखान्यांत तयारी, बागा दुपारी उघड्या, पाण्याची सोय. नागपूरनेही पुढे तसा आराखडा केला. यात मला खरं शहाणपण दिसतं. पण आकडा वाचताना एक गोष्ट टोचते. जास्तीचे मृत्यू कोणाचे, हे सांगता येत नाही. हजारोंतले १,३४४ जास्तीचे, पण नेमके कुठले? त्यांतल्या एकीलाही सांगता येणार नाही की बाई, तुझा नवरा जास्तीतला होता. त्या आकड्याने धोरण बदलतं आणि पुढच्या उन्हाळ्यात कुणीतरी वाचतं. मावशींच्या पिशवीत मात्र त्याने काही पडत नाही.

आणि मावशींना पिशवीचंच पडलं होतं, हे लपवण्यात अर्थ नाही. मला आधी वाटलं त्यांना सत्य हवंय, नवऱ्याची आब हवीय, वगैरे. ते असेलही. पण मुद्दा सरळ होता. त्यांच्या माहेरच्या गावी एक जण शेतात वीज पडून गेला, त्याच्या घरच्यांना सरकारचे ४ लाख मिळाले. "वरून वीज पडली त देते, मंग वरून ऊन पडलं त काहून नाही देत?" या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. वीज अंगावर खूण ठेवते, गावभर ऐकू येते, एका क्षणात पडते. ऊन तीन दिवस, तीन रात्री हळूहळू पडत असतं. राष्ट्रीय यादीत आपत्ती म्हणून मदतीस पात्र असलेल्या गोष्टी वर्षानुवर्षं बाराच होत्या, त्यात भूकंप आहे, गारपीट आहे, कीड आहे, हिमस्खलन आहे, थंडीची लाट आहे. उन्हाची लाट त्यात नव्हती. पंधराव्या वित्त आयोगानेही यादी वाढवायची गरज नाही म्हटलं. राज्यांना आपल्या आपत्ती निधीतला दहा टक्क्यांपर्यंतचा भाग स्थानिक आपत्तींसाठी वापरता येतो. त्या वाटेने तमिळनाडूने आणि पाठोपाठ तेलंगणाने उन्हाला राज्याची आपत्ती ठरवलं, तेलंगणाने मृताच्या वारसांना ४ लाख ठरवले. आता तेलंगणा आमच्या जिल्ह्याच्या दक्षिणेला लागूनच आहे. राजुऱ्याच्या पुढे गेलं की थोड्या वेळात पाट्या तेलुगूत होतात. ऊन दोन्हीकडे सारखंच असतं.

पुन्हा, लाट म्हणजे तरी काय? हवामान खात्याच्या मोजणीत मैदानी भागात पारा किमान ४० असावा आणि नेहमीपेक्षा साडेचार अंश वर, किंवा मग सरळ ४५. चंद्रपूरचं मे महिन्यातलं नेहमीचंच त्रेचाळीसच्या घरात. म्हणजे पुण्यात लोक कपडे वाळत घालायलाही बाहेर पडणार नाहीत अशा चव्वेचाळीसच्या दिवशी आमच्याकडे लाट नसते, आमच्याकडे मंगळवार असतो. मावशींचे घरचे गेले त्या दिवशीही इशारा नव्हता. उलट १६ एप्रिल २०२३ ला खारघरच्या मैदानावर पारा ३८ च्या आसपास होता, समुद्राकडची दमट हवा होती, डोक्यावर मांडव नव्हता, आणि सरकारी सोहळ्याला आलेली १४ माणसं गेली. त्या मृत्यूंना उष्माघात म्हणायला शवविच्छेदनाची वाट बघावी लागली नाही, मदतही जाहीर झाली, ५ लाख. मेलेल्यांमध्ये कुणाला बीपी असेल, कुणाला साखर असेल. पण लाखो लोक एकत्र उन्हात बसलेले साऱ्या राज्याने टीव्हीवर पाहिले होते, तेव्हा कारण फक्त त्यांच्या अंगात शोधून भागणार नव्हतं. स्लॅबवर एकटा माणूस असतो, फार तर बारा जण.

सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२४ मध्ये म्हटलं की हवामानबदलाच्या दुष्परिणामांपासून मुक्त राहण्याचा नागरिकांना हक्क आहे. घटनेच्या २१ व्या कलमातला जगण्याचा हक्क, त्यात आरोग्य आलं, आणि १४ व्या कलमातली समानता, कारण झळ सगळ्यांना सारखी बसत नाही. खटला होता माळढोक पक्ष्यांचा, विजेच्या तारांना धडकून मरतात म्हणून. आमच्या जिल्ह्यात वरोरा-भद्रावतीकडेही थोडे माळढोक होते, बाबांनी एकदा पाहिल्याचं सांगायचे. तर पक्ष्याच्या निमित्ताने का होईना, माणसाला एक हक्क मिळाला. आरोग्य आणि समानता ही दोन्ही कलमं तिथे शेजारी शेजारी ठेवलेली पाहून मला वाटलं, फॉर्मवर नेमकी हीच जागा रिकामी आहे. पहिलं कलम डॉक्टर भरतो. दुसरं कोण भरणार?

गुजरातमध्ये 'सेवा' या कष्टकरी बायकांच्या संघटनेने २०२३ पासून आपल्या सभासद बायकांसाठी एक वेगळ्याच तऱ्हेचा विमा आणला आहे. पारा ठरलेल्या आकड्यावर गेला की बुडालेल्या हाजरीसाठी थोडे पैसे खात्यात. कुणी आजारी पडलं का, कशाने पडलं, काही विचारायचं नाही. रक्कम मोठी नाही. पण मी मावशींना त्याबद्दल सांगितलं तेव्हा त्यांनी पहिल्यांदा मान डोलावली. "म्हणजे मरा नाही लागत," म्हणाल्या.

आईने त्या कागदावर काही करता येतं का ते विचारून पाहिलं. जुन्या ओळखीच्या एका डॉक्टरांशी बोलली. कारण बदलून घ्यायचं तर अर्ज करावा लागेल, कामावर सोबत असलेल्यांचे जबाब लागतील, त्या रात्रीच्या केसपेपरवर तापमान लिहिलेलं असेल तर बरं. आईने केसपेपरची झेरॉक्स मिळवली. ताप या शब्दापुढे बरोबरची खूण होती, आकडा नव्हता. थर्मामीटर नसेल, किंवा असेल आणि त्याचा पारा आधीच चढलेला असेल. आई बराच वेळ त्या खुणेकडे बघत होती. म्हणाली, "मीही अशाच खुणा केल्या असतील." सोबतच्या दोघा बिगाऱ्यांनी जबाब द्यायला नकार दिला नाही, होकारही दिला नाही. ठेकेदार तोच आहे, आणि पावसाआधी अजून चार स्लॅब व्हायचे आहेत. मी अर्जाचा मसुदा मराठीत लिहून ठेवला. 'सदर इसम' अशी सुरुवात केली आणि खोडली. मावशींनी अंगठा नको, सही करते म्हणून सांगितलं, आणि अजून त्या सही करायला सुट्टी काढू शकलेल्या नाहीत.

मी पुण्याला परतायच्या आदल्या दिवशी गल्लीच्या तोंडावरच्या नव्या घरावर मावशींचा धाकटा दिसला. सतरा वर्षांचा. तोच स्लॅब. आता प्लेटा काढायला अजून दिवस आहेत, तोवर तराईचं काम आहे. स्लॅबवर मातीचे लहान लहान बांध घालून आळी केली होती आणि त्यांत पाणी भरून ठेवलेलं, सकाळ-संध्याकाळ आणि उन्हाळा आहे म्हणून दुपारीही. ऊन लागलं तर काँक्रीटला तडे जातात. मावशी म्हणाल्या, तराईचं काम हलकं हाय, पाण्यातच राहाते पोरगं. दुपारचे अडीच वाजले होते. तो हातात पाइप धरून एकेक आळं भरत चालला होता, डोक्याला गमछा, पायात चप्पल नाही, पाण्यात आकाश पांढरं दिसत होतं. आई गॅलरीत आली, डोळ्यांवर हात धरून थोडा वेळ बघत राहिली, आणि एकदम उपकेंद्रावरच्या आवाजात ओरडली, "अरे, आधी स्वतःच्या मानेवर मार पाणी!" मोटरच्या आवाजात त्याला ऐकू गेलं नाही. त्याने आमच्याकडे बघून हात हलवला आणि पुढच्या आळ्याकडे वळला.